'तिन्ही सांजा' कोणाच्या?

गेल्या गणेशोत्सवात शहरातील एका मंडळाच्या सुगम संगीताच्या कार्यक्रमास आम्ही उपस्थित होतो. 'तिन्ही सांजा सखे मिळाल्या' हे गीत निवेदकांनी 'आपल्या इंदूरच्या लतादीदींचे अजरामर प्रेमगीत' म्हणून घोषित केले. संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांचा उल्लेख झाला. प्रायोजकांचा तर दोनदा झाला. कवीचे नाव मात्र आले नाही. सभागृहात बहुतेक जुनी मराठी घराणी. कोणासही काही राहून गेल्यासारखे वाटले नाही. आमचा आक्षेप निवेदकांपेक्षा या स्वस्थपणावर अधिक आहे. आयुष्यभर सरकारी नस्त्या चाळल्यामुळे मूळ टिपणी कोणाची हे आधी पाहण्याची खोड आम्हांस जडली आहे, हेही कबूल करतो.

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी येथील सिख मोहल्ल्यात झाला, याचा अभिमान रास्तच आहे. त्यांच्या नावे मध्यप्रदेश शासनाने १९८४ पासून राष्ट्रीय सन्मानही दिला. परंतु त्यांचे बालपण सांगलीचे आणि कर्तृत्व मुंबईचे. ज्यांचे आयुष्य आपल्याच मुलखात गेले, ते या गीताचे कर्ते भास्कर रामचंद्र तांबे. जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, शिक्षण झाशी व देवास येथे, पुढे संस्थानी नोकऱ्या, अखेरीस ग्वाल्हेरचे राजकवी आणि १९४१ साली तेथेच देहावसान. देवास तर आमच्या वेशीपासून तासाभराच्या वाटेवर!

तांबे निवर्तले तेव्हा हृदयनाथ अवघे चार वर्षांचे होते. आपले शब्द पुढे कोणत्या स्वरांतून घरोघरी जाणार, हे कवीच्या स्वप्नीही नसावे. तरीही गीत गाण्यासाठीच घडलेले होते. 'तांबे यांची समग्र कविता' उघडून पाहावी. कित्येक रचनांबरोबर रागाचे नाव दिलेले आढळते. या गीतातील प्रियकर दिवेलागणीच्या वेळी सखीचा हात हाती घेऊन वचन देतो आणि सूर्य, वारा व दाही दिशा यांना साक्षी ठेवतो. पुरोहित नाही, होम नाही, तरी तो विवाहच आहे. बोलणारा पुरुष, गाणारी स्त्री. पण ऐकताना हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. चालीची आणि गळ्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. शब्द दुबळे असते तर ती थोरवी कशावर उभी राहिली असती, एवढेच विचारतो.

आमचे एक स्नेही म्हणतात, तांब्यांची भाषा आता जड वाटते. 'मरीचिमाली' म्हणजे सूर्य हे आज कोणास कळणार? त्या संध्याकाळी गाणाऱ्या मुलीने हा शब्द असा तोडला की त्यातला सूर्य पार मावळला. गळा गोड होता, तयारीही होती. पण तिच्या हातातील मोबाइलवर शब्द रोमन लिपीत होते. दोष तिचा कसा म्हणावा? घरात सासरे आणि सूनही हिंदीतच बोलतात, मग नात देवनागरीतले मराठी कोठे वाचणार? भाषा जड झालेली नाही. ती उचलण्याची सवय आपणच सोडली.

आणखी एक दुखणे आहे. पुण्याचे पाहुणे आपल्या हिंदीमिश्रित मराठीस हसतात, तेव्हा आपण ओशाळून त्यांच्याबरोबर हसतो. खरी मराठी तिकडची, आपली उसनी, असे आपण मनोमन मान्य करून बसलो आहोत. मग 'नववधू प्रिया मी', 'मधु मागशी माझ्या सख्या परि', 'कळा ज्या लागल्या जीवा' ही गीते कोठून आली? वसंत प्रभूंनी चाली बांधल्या, लताबाईंनी गायिली, साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. ती लिहिणारा मनुष्य मात्र भोवताली हिंदी बोलणाऱ्यांत जगला. पाहुण्यांना हे सांगायचे तर आधी आपल्याला ठाऊक हवे.

कोजागिरीच्या कार्यक्रमासाठी आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, प्रत्येक गीतापूर्वी प्रथम कवीचे नाव घ्यावे, एकही कडवे गाळू नये आणि गायकांच्या हाती देवनागरीत छापलेला कागद द्यावा. कठीण शब्दांचे अर्थ त्याच कागदाच्या पाठीवर आम्ही स्वतः लिहून देऊ. छपाईचा खर्च फारसा नाही. नसेल परवडत तर प्रायोजकांचे नाव एकदाच घ्यावे आणि तेवढा वेळ तांब्यांना द्यावा.