बाळंतपणाला डॉक्टरच हवेत का?

"डॉक्टर, बाळंतपणाच्या वेळी मोठे डॉक्टर असतील ना? की नुसत्या सिस्टरच?" गरोदर सुनेला घेऊन आलेल्या सासूबाई हे हमखास विचारतात. त्यातल्या 'नुसत्या' या शब्दाबद्दल थोडे बोलायचे आहे.

मी फिजिशियन, प्रसूतितज्ज्ञ नाही. गरोदरपणातला रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांसाठी या स्त्रिया माझ्याकडे येतात. पहिलटकरणीच्या कळा १२ तास, कधी त्याहून जास्त चालतात. या काळात बाईला औषधापेक्षा जवळ जाणते माणूस लागते. बाळाचे ठोके ऐकणारे, चालायला-फिरायला लावणारे, धीर देणारे आणि काही बिनसतेय हे वेळेत ओळखणारे. ओपीडी, राऊंड आणि ऑपरेशने सांभाळणारा डॉक्टर इतका वेळ उशाशी बसत नाही. खरे तर ते त्याचे कामही नाही.

हे काम प्रशिक्षित मिडवाइफचे. (इथे जुन्या काळची दाई डोळ्यांपुढे आणू नका.) केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हे पद आणले. आधीच नोंदणीकृत असलेल्या नर्सला १८ महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण दिले जाते. जोखीम नसलेले बाळंतपण ती स्वतः सांभाळते आणि गुंतागुंत दिसताच तज्ज्ञाला बोलावते.

याची गरज का, ते आकड्यांत दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते, खासगीत ४७.४ टक्के. सिझेरियनने जीव वाचतात, त्यावर वाद नाही. खासगीत अवघड केसेस जातात हेही थोडेफार खरे. पण म्हणून तिपटीहून जास्त? मला हे पटत नाही. गर्भाशयावरचा व्रण पुढच्या गरोदरपणात त्रास देऊ शकतो, वार चुकीच्या जागी रुजू शकते, हे घरच्यांना क्वचितच नीट समजावले जाते. ब्रिटनसारख्या देशांत मिडवाइफच्या देखरेखीखालच्या बाळंतपणांत सिझेरियन, चिमटा आणि टाके कमी लागल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

माझे काही डॉक्टर मित्र विचारतात, "उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेखी नियमांत हवे: ती काय करेल, कधी बोलावेल, कोण येईल. तिला लेबर रूममधून काढून मेडिकल वॉर्डात ड्यूटी लावणे हे त्याचे उत्तर नव्हे. तसे केले तर १८ महिन्यांचे शिक्षण पाण्यात. आयसीयू, डायलिसिस, स्टोमा यांत तयार झालेल्या नर्सची गतही तीच होते. वेगळे पद नाही, वेगळा पगार नाही, मग ती परदेशी गेली की आपण हळहळतो.

रक्तदाब, मधुमेह, जुळी, पायाळू बाळ, आधीचे सिझर किंवा रक्तस्राव असेल तर प्रसूतितज्ज्ञ हवेतच, तिथे हयगय नको. बाकीच्यांनी हॉस्पिटल ठरवताना खोलीत एसी आहे का, याआधी हे विचारा: कळा सुरू असताना एका सिस्टरकडे किती बायका असतात? तिने मिडवाइफरीचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का? रात्री दोन वाजता तिने बोलावले, तर डॉक्टर किती मिनिटांत पोहोचतात?