नाव लावावे, पण खुणा दिसतील तेवढेच

शिरवळच्या शिवारात रब्बीच्या करडईवर मावा पडला की मागोमाग पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माश्या येतात. पंखांची एकच जोडी आणि आखूड मिशा पाहिल्या की त्या मधमाश्या नाहीत, हे कळते. पेच पुढचा आहे. मोबाइलवरच्या फोटोवरून थेट जातीचे नाव लावावे का?

फोटोची बाजू लंगडी नाही. एपिसिर्फस बाल्टिएटस या सिरफिड जातीच्या पोटाच्या एकाच खंडावर जाड काळा पट्टा आणि शेजारी बारीक रेघ असते. ही जोडी स्वच्छ फोटोत ओळखू येते. एरिस्टॅलिनस या सिरफिड प्रजातीचे ठिपक्यांचे किंवा रेघांचे डोळेही लपत नाहीत. शिवाय किडा मारावा लागत नाही आणि शेतकऱ्यापासून शाळकरी मुलापर्यंत कोणीही नोंद करू शकतो.

पण रंग फसवतो. थंडीत कोषातून निघालेली बाल्टिएटस काळपट दिसते. इस्किओडॉन आणि स्फेरोफोरिया या दोन सिरफिड प्रजातींच्या छातीच्या कडेला पिवळी पट्टी असते. इस्किओडॉनच्या नराला मागच्या पायाच्या बुडाशी बारीक काटा असतो, तो वरून काढलेल्या फोटोत येत नाही. पॅरागस या सिरफिड प्रजातीच्या कित्येक जाती तर नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सुटत नाहीत.

हा काथ्याकूट केवळ अभ्यासकांपुरता नाही, फवारणीचा निर्णयही त्यावर ठरतो. 2002 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा आला. त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांत डिफा आणि मायक्रोमसबरोबर युपिओडिस कॉन्फ्रेटर या सिरफिड माशीचीही नोंद झाली. उलट एरिस्टॅलिनसची अळी साचलेल्या घाण पाण्यात वाढते, माव्याला तोंड लावत नाही. म्हणजे दिसली सिरफिड की फवारणी थांबवा, हेही चूक.

म्हणून आमचे मत असे: शेतातल्या निर्णयासाठी एरिस्टॅलिनस की युपिओडिस, एवढी ओळख आणि पानावर मावा खाणारी अळी दिसणे पुरेसे आहे. फोटो वरून, बाजूने आणि समोरून घ्यावा. खूण दिसली नाही तर जातीचे नाव लावू नये. दर हंगामात मोजके नर मात्र टाचणीला लावून, जागा-तारीख लिहून पुण्यात आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावेत. थोडे कीटक त्यात मरतील, पण पुढच्या हजारो फोटोंची खातरजमा त्याच नमुन्यांवर होईल. अर्धवट पण खरी नोंद पुढे पूर्ण करता येते. चुकीचे नाव एकदा यादीत शिरले की ते निपटून काढणे फार जड जाते.