नाव दिसते, पान उघडत नाही

नॅशनल डिजिटल लायब्ररीत 'जात' हा शब्द टाकला की नोंदींची रांग लागते. काही लगेच उघडतात, काही फक्त वर्गणीदार संस्थांसाठी. शीर्षक वाचायचे आणि परत फिरायचे.

जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झाले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पैसा जनतेचा, पण पहिल्या टप्प्यात दार उघडले ते केंद्र व राज्यांच्या सरकारी संस्थांसाठी. सरकारी संस्थेत शिकणारी बहीण आत, खासगी महाविद्यालयातला भाऊ बाहेर. पदवी घेऊन सिरोंचा किंवा जिवतीत घरीच नेटची तयारी करणारे तर कोणत्याच यादीत नाहीत.

आम्हाला याहून जास्त खटकते ते निकालच गाळणे. सरकारचे 'दीक्षा' ॲप (नाव आपल्या ओळखीचे!) बोर्ड, माध्यम, इयत्ता विचारून त्यानुसार साहित्य पुढे करते. शाळकरी मुलांना ते सोयीचे. पण हाच हिशेब संशोधनाला लावला, तर आपल्यापासून काय लपवले तेही कळणार नाही. कुलूप दिसले तर निदान किल्ली मागता येते.

तोवर शोधगंगावरचे प्रबंध वाचा, ते लॉगिनशिवाय उघडतात. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. अडलेला लेख लेखकाला ईमेल करून मागा. आणि चंद्रपूर, गडचिरोलीच्या जिल्हा ग्रंथालयांत नागरिकांसाठी वाचन-लॉगिन मिळावे, असा अर्ज प्रत्येक तालुक्यातून जाऊ द्या.