दंगलीला रकाना नाही

२०११ च्या जनगणनेत आमची प्रगणक म्हणून नेमणूक झाली होती. ठाणे महापालिकेतील मुंब्र्याच्या एका चाळीत आम्ही फॉर्म भरत होतो. घरातील बाईंनी सांगितले, पूर्वी जोगेश्वरीला राहत होतो, त्र्याण्णवच्या दंगलीत पळून आलो. स्थलांतराच्या कारणाचा रकाना आला आणि आमचा पेन थांबला.

पर्याय सातच होते : नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासह स्थलांतर आणि इतर. १९९१ च्या जनगणनेत दुष्काळ-पुराला तरी जागा होती; दंगलीला कधीच नव्हती. आम्ही ‘कुटुंबासह’चा ६ आकडा लिहिला आणि पुढच्या दारी गेलो. कागदावर त्या बाईंनी जणू राजीखुशीने बिऱ्हाड हलवले!

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीतील मृतांची मोजदाद झाली. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात ९०० मृतांची नोंद आहे : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ जणांची ओळख लागली नाही. पण जिवंत राहून घर गमावलेल्यांचे काय? कोणी जादा गाड्यांनी उत्तरेकडे गावी गेले, कोणी नातलगांकडे, कोणी मुंब्र्याला. मुस्लिम वस्तीतील हिंदू कुटुंबांनीही घरे सोडली. मिश्र चाळी मोडल्या. त्यांत विधवा किती, म्हातारी माणसे किती, शाळा सुटलेली मुले किती, हे जनगणनेतून निघत नाही.

वाचकहो, आम्ही कारकुनी करणारी माणसे. हिशेबात जे नाही ते अंदाजपत्रकात येत नाही, हे आम्ही रोज पाहतो. नळ, शाळा, दवाखाना डोकी मोजूनच मंजूर होतात.

संघर्षामुळे घर सुटले, पण देशाची सीमा ओलांडली नाही, अशांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मांडली. आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळा राष्ट्रीय कायदा नाही.

२०२१ ची जनगणना लांबून २०२७ वर गेली. आपले किंवा शेजाऱ्याचे घर दंगलीत, जाळपोळीत सुटले असेल, तर प्रगणकाला कारण स्पष्ट सांगा. जुने रेशनकार्ड, शाळेचा दाखला जपून ठेवा. आणि आपल्यापैकी कोणाला ही ड्युटी लागली, तर घाई करू नका. आम्ही त्या दिवशी ६ लिहिला. निदान ७ तरी लिहायला हवा होता.