विष्णुदत्तेची ठेव

नाशिकच्या पांडवलेणीत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तिने हे लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले. लेखात तिच्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे पराक्रम सविस्तर येतात. म्हणून आपण तो लेख मुलासाठी वाचतो आणि दान देणारी आजी मागे राहते.

‘गौतमीपुत्र’ या नावावरून सातवाहनांत मातृसत्ता होती, असा समज अनेकांचा होतो. तो बरोबर नाही. गौतमी, वासिष्ठी ही गोत्रांवरून आलेली नावे आहेत. राजाला अनेक राण्या असत, त्यामुळे आईच्या नावाने राजपुत्राची ओळख नेमकी होई, असे मानले जाते. गादी मात्र सहसा बापाकडून मुलाकडे जाई.

तरीही राजमातेचा शब्द कारभारात चालत असे. याच लेण्यात गौतमीपुत्राच्या कारकिर्दीच्या २४व्या वर्षाचा एक आदेश कोरलेला आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नव्हते आणि ते ज्या गावात होते ते गावही ओस पडले होते. त्याऐवजी नगराच्या सीमेवरची १०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे माप) राजजमीन द्यावी, असे नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला कळवले आहे. हा आदेश राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघाला आहे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो दहाव्या लेण्यातला, तिसऱ्या शतकातला लेख. आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, पैसे ठेवले. कुंभारांकडे १,००० कार्षापण नाणी, पाण्याची यंत्रे चालवणाऱ्यांकडे २,०००. तेल्यांच्या श्रेणीकडेही रक्कम ठेवली. या ठेवीला अक्षयनीवी म्हणत. मुद्दल तसेच राहायचे आणि व्याजातून आजारी भिक्षूंना औषध मिळायचे. कारागिरांना भांडवल मिळे, रुग्णांची कायमची सोय होई.

कारागिरांशी नाते असलेल्या दानशूर स्त्रीचे उदाहरण रोमन जगातही सापडते. पहिल्या शतकात पाँपेई शहरातल्या युमाकिया या पुजारिणीने मुख्य चौकात मोठी इमारत बांधून दिली. कापड धुणाऱ्या कारागिरांनी तिचा पुतळा उभारला. रोमन कायद्यात मात्र स्त्रीला मोठ्या व्यवहारासाठी सहसा पुरुष पालकाची संमती लागे. तीन मुले झालेल्या, जन्माने स्वतंत्र असलेल्या स्त्रीला ऑगस्टसच्या कायद्याने त्यातून सूट मिळाली.

विष्णुदत्तेच्या लेखात संमती देणारा पुरुष दिसत नाही. तिची ओळख सांगणारे पुरुष मात्र तीन आहेत: वडील अग्निवर्मा, पती रेभिल आणि मुलगा विश्ववर्मा. पैसा आणि निर्णय तिचा होता, असे मला या लेखावरून वाटते. समाजात तिची ओळख या तिघांवरून ठरत होती. तिच्या एका लेखावरून त्या काळातल्या सगळ्याच स्त्रिया स्वतंत्र होत्या, असे म्हणता येणार नाही. दगडावर नाव कोरायला आधी हाती पैसा लागे. ज्या कुंभारांकडे तिची ठेव होती, त्यांच्या घरी माती मळणाऱ्या बायकांचे नाव त्या लेखात नाही.