खेळाडूंची पंगत
कबड्डी मंडळाचा सुवर्णमहोत्सव ठरला की कार्यकारिणी पाहुण्यांच्या यादीवर चार बैठका घेते आणि जेवणाचा अंदाज मात्र आचाऱ्यावर सोपवून मोकळी होते. किलोभर तांदळात दहा माणसं जेवतात, हा त्याचा हिशेब लग्नघरी ठीक आहे. रोज पहाटे दंड-बैठका मारणाऱ्या पोरांपुढे तो टिकत नाही. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची वजनमर्यादा असते. स्पर्धा तोंडावर आली की रात्रीची भाकरी सोडून सकाळी काट्यावर उभी राहणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना या एका रात्री तरी पोटभर जेवू द्या, बासुंदीची वाटी रिकामी दिसली की न विचारता भरा. म्हणूनच मला बुफेपेक्षा पंगत बरी वाटते. कुणाचं पान रिकामं आहे ते वाढप्याला लगेच दिसतं, आणि साठीतला जुना चढाईपटू ताट हातात धरून रांगेत ताटकळत नाही (गुडघे गेलेले असतात हो त्यांचे). सत्कार, अहवाल, प्रमुख पाहुणे, सगळं पानं मांडण्याआधी उरका. पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा लोकांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली होती. कौतुक असं सगळ्यांनी मिळून करायचं असतं. पहिल्या पंगतीला मैदानाची माती चाळणारे मामा आणि खेळाडूंच्या आया बसवा, वाढायला अध्यक्षांनी उभं राहावं.