तलाव आधी, पाखरे मागून

थंडीच्या बाबतीत गोंदियाच्या माणसाशी कुणी पैज लावू नये. धानाची कापणी उरकलेली असते, बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो आणि घरोघरी अंगणात शेकोट्या पेटतात. विदर्भातील नीचांक म्हणून आमच्या गावाचे नाव वर्तमानपत्रात छापून आले, की ती बातमी आम्ही परगावच्या नातेवाइकांना आवर्जून कळवतो. अभिमान धरावा अशा गोष्टी माणसाला थोड्याच मिळतात. त्यातली ही एक!

मागच्या डिसेंबरात मी इंग्लंडातील केंब्रिजला तीन आठवडे राहून आलो. तिथली थंडी आमच्याहून मोठी म्हणण्यापेक्षा निराळ्या स्वभावाची म्हणावी. आमची थंडी पाहुण्यासारखी. ऊन वर आले की निरोप घेते. तिथली थंडी घरमालकासारखी. सूर्य सकाळी आठ वाजता दर्शन देतो आणि दुपारी चार वाजायच्या आत दिसेनासा होतो. आपला दुपारचा चहा व्हायचा असतो आणि तिथे दिवेलागण होऊन गेलेली असते.

जाण्याचे निमित्त माझा भाचा. हा मुलगा धानाच्या मुळांवर संशोधन करण्यासाठी तिथे गेला आहे. ज्या जिल्ह्यात मूल चालायला लागण्यापूर्वी चिखलात उतरते, त्या जिल्ह्याचा मुलगा धान शिकायला साता समुद्रापलीकडे! माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, याचे कौतुक आहे आणि धास्तीही आहे. निघताना तिने माझ्याजवळ लाखोळीची डाळ, पोहे, जवसाची चटणी आणि एक प्रश्न दिला. डाळ-पोह्यांचे वजन विमानतळावर झाले. प्रश्नाचे कुणी केले नाही, पण जड तोच होता. "त्याला एवढंच विचार," ती म्हणाली, "परत येणार आहे, की नाही?"

केंब्रिजचे विद्यापीठ १२०९ सालचे. आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करीत होते, तेव्हापासून इथे शिकणे-शिकवणे चालू आहे. डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात सत्र संपते, मुले घरोघर जातात आणि गाव एकदम रिकामे होते. उरतात ती दगडी महाविद्यालये, कॅम नदीवरचे धुके आणि ज्यांची घरे फार लांब आहेत अशी मुले. भाच्यासारखी.

किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहिले. सहाव्या हेन्री राजाने १४४६ साली त्याची कोनशिला बसवली आणि छत पुरे व्हायला १५१५ साल उजाडले. दगडाचे छत, पण ताडाचे पंखे उलगडून शेजारी शेजारी मांडावेत तसे नाजूक. अंगणातल्या हिरवळीवर मात्र पाऊल टाकायची सोय नाही. तो मान बहुतेक महाविद्यालयांत फेलो मंडळींचा. आमच्याकडे हिरवळ म्हटली की पहिला मान गाईचा. इथे विद्वानाचा, एवढाच फरक!

आता, वाचकहो, मराठी माणूस केंब्रिजला गेला आणि रँगलर परांजप्यांची आठवण काढल्यावाचून परतला, असे होत नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेला हा मुलगा सेंट जॉन्स कॉलेजात शिकला आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर पहिल्या क्रमांकाचा मानकरी ठरला. तोवर हा मान एकाही भारतीयाला मिळाला नव्हता. पुढे 'रँगलर' हा शब्द आपल्याकडे एखाद्या पदवीसारखा नावाआधी लागू लागला. मूळ अर्थ पाहिला तर 'वाद घालणारा'. त्या हिशेबाने आपल्या प्रत्येक वाड्यात दोन-तीन रँगलर सहज निघाले असते. परीक्षेला बसण्याचे तेवढे राहून गेले.

सेनेट हाउससमोर उभे राहून भाच्याला मी हे सारे सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामाजी, थंडी वाजून राहिली का? चला, चहा घेऊ." मुलगा हुशार आहे. परांजप्यांची कथा कुठल्या वळणाने त्याच्या आईच्या प्रश्नाकडे येणार, हे त्याने ओळखले होते.

चहा घेताना त्याने मला रामानुजनांची गोष्ट सांगितली. रामानुजन १९१४ साली ट्रिनिटी कॉलेजात आले. थंडीच्या दिवसांत प्रशांतचंद्र महालनोबीस त्यांना भेटायला गेले, तो हे विस्तवाला चिकटून बसलेले. विचारले, रात्री नीट ऊब मिळते ना? तर म्हणाले, अंगात ओव्हरकोट घालून, शाल लपेटून झोपतो, तरी थंडी वाजते. महालनोबिसांनी खाटेकडे पाहिले. पांघरुणे गादीखाली चापून खोचलेली होती आणि हे गृहस्थ त्यांच्या वर झोपत होते! पांघरूण सोडवून आत शिरायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. अनंताशी ज्याची बोलचाल होती, त्याला घोंगडीची घडी उमगली नव्हती. १९१९ साली ते आजारी होऊन मायदेशी परतले आणि १९२० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. गोष्ट हसण्याची होती, आम्ही हसलोही. मग काही वेळ दोघेही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी वनस्पतिउद्यानात गेलो. तिथे खास हिवाळ्यासाठी राखलेली बाग आहे. पाने गळून गेलेल्या झुडपांच्या लाल, केशरी, पिवळ्या काड्याच तिथे फुलांचे काम करतात. चिंतामणराव देशमुख याच गावी, जीझस कॉलेजात, वनस्पतिशास्त्र शिकले. पुढे आय. सी. एस. होऊन त्यांनी आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात वर्षानुवर्षे चाकरी केली आणि १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेही परतले होते. मी एवढेच म्हणालो. भाचा हसला.

मग तो मला त्याच्या काचघरात घेऊन गेला. बाहेर गवतावर हिम साचून पांढरे झालेले. दार उघडले आणि अंगावर आली ती आषाढातली दमट ऊब! कुंड्यांतून धान उभे होते. हिरवेगार, कमरेएवढे. मी कोट काढला, वाकून एका पानावरून हात फिरवला. तोच खरखरीत काठ! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला आपण कुठे तरी ओळखीच्या जागी आलो आहोत असे वाटले.

भाचा मात्र आता बोलका झाला. धानाच्या मुळांत एक बुरशी शिरते, ती जमिनीतला स्फुरद गोळा करून रोपाला देते आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेते. बांधीत पाणी भरून राहिले की ही भागीदारी मंदावते. ती टिकवता आली तर खताचा खर्च उतरेल का, हा त्याच्यापुढचा प्रश्न. बोलता बोलता तो थांबला आणि आईचा प्रश्न मी न विचारताच म्हणाला, "मामाजी, येतो म्हणणं सोपं आहे. पण येऊन बसू कुठे? असं एक काचघर आपल्या जिल्ह्यात दाखवा, मी उद्या निघतो."

मला उत्तर सुचेना, पण नवेगावबांध आठवला. हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून राजहंस येतात, बदकांचे थवे उतरतात. त्यांना कुणी पत्र घालत नाही. पण तो तलाव काही आपोआप झालेला नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. आमच्या भागातल्या कोहळी लोकांनी असे कितीतरी तलाव खणले. खणले ते धानासाठी, उसासाठी. पाणी साचले आणि पाखरे मागून आली.

परांजपे परतले, कारण परतण्याजोगी जागा होती. फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीच उभे राहिले होते. १९०२ साली ते त्याचे प्राचार्य झाले. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले नि १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ती संस्था १९४५ सालची. पुढे १९८८ साली त्यांनी पुण्यात 'आयुका' उभी केली, म्हणजे पुढच्यांसाठी आणखी एक तलाव खणला. २०२५ साली ते गेले, तलाव मात्र भरलेला आहे. परदेशी गेलेल्या मुलाच्या देशप्रेमाची आपण नेहमी झडती घेतो. त्याच्यासाठी आपण इकडे काय खणून ठेवले, हा हिशेब कुणी मांडत नाही.

परतल्यावर बहिणीने दारातच विचारले, "काय म्हणाला?" मी सारे सांगितले, काचघरासकट. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग बसलात कशाला? खणा."

तिचे म्हणणे आमच्या जुन्या शाळासोबत्यांनी मनावर घेतले आहे. गावातल्या एका शिक्षकाने परसातली जागा देऊ केली. बांबू नि प्लास्टिकचे कापड आणून, वीस फूट लांबीचे झाकघर आम्ही पावसाळ्यापूर्वी उभे केले. काच परवडण्याजोगी नव्हती. आठवी-नववीची पोरे तिथे कुंड्यांत धान लावतात आणि मुळे धुऊन भिंगाखाली पाहतात. भाचा दर रविवारी फोनवरून त्यांना प्रश्न घालतो आणि त्यांच्या उत्तरांवर वाद घालतो. या दिवाळीला तो पंधरा दिवस येणार आहे. पंधराच. बहिणीने अंगणातली शेकोटीची जागा सारवून ठेवली आहे.